शाळेच्या चाव्या माझ्या खिशात

१९ ऑगस्ट

काल सकाळी मी शाळेच्या सगळ्या चाव्या खिशात घालून प्रशिक्षणाला निघून गेलो.

सगळ्या! फक्त फाटकाची तेवढी मामांकडे असते. मामा म्हणजे आमचे शिपाई. सगळी शाळा त्यांना मामा म्हणते, त्यांच्याहून मोठी माणसेसुद्धा. बाकी प्रत्येक खोलीचे कुलूप रोज सकाळी मी स्वतः उघडतो, मुख्याध्यापक झालो तेव्हापासून. सगळ्यांच्या आधी येतो, एकेक दार उघडतो आणि प्रत्येक कुलपाला मनात देवाचे एक नाव घेतो. हे कुणाला सांगितलेले नाही. घरी हिलासुद्धा नाही. माझी पूजा ती एवढीच.

काल पहिली गाडी धरायची होती. घाईत आदल्या दिवशीचीच पँट चढवली आणि निघालो.

प्रशिक्षण मुख्याध्यापकांचे — शाळा कशी पुढे न्यावी, लोकांना बरोबर कसे घ्यावे वगैरे. एका परदेशी संस्थेने आमच्या शिक्षण खात्याबरोबर मिळून काढले आहे. मोठा हॉल, गोल टेबले, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. प्रशिक्षक म्हणाले, रोज जवळ बाळगता अशी एक वस्तू टेबलावर ठेवा आणि तिच्यावरून स्वतःची ओळख करून द्या. कुणी पेन ठेवले, कुणी चष्म्याचे घर. मी खिशात हात घातला आणि चाव्यांचा जुडगा बाहेर आला. खणकन टेबलावर पडला.

शेजारच्या गृहस्थांनी जुडग्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. हळूच म्हणाले, "आज सुट्टी आहे का हो तुमच्या शाळेला?"

बाहेर पळालो. फोन लावला. उपमुख्याध्यापिका बाईंनी उचलला. मागे मुलांचा कालवा. मी कसाबसा चाव्या एवढेच म्हणालो.

"कळलं ते, सर," बाई म्हणाल्या. "शाळा चालू आहे. तुम्ही निवांत शिका."

मामा कुलपे तोडायला निघाले होते म्हणे. बाईंनी नको म्हटले आणि सगळे वर्ग मैदानावर बसवले. खडू नाही, फळा नाही, हजेरीपुस्तक नाही. सगळे कुलपात.

संध्याकाळी गाडीतून उतरलो तो थेट शाळेत. मैदान रिकामे. मातीत काठीने मांडलेली गणिते. झाडाची सावली कुठवर सरकली याच्या खुणा, दगड ठेवून केलेल्या. भिंतीच्या कडेला कुणीतरी पानांचे प्रकार लावून ठेवलेले. मी सगळी दारे उघडली आणि परत लावली. कशासाठी, कुणास ठाऊक.

२० ऑगस्ट

कुणी रागावलेले नाही. हेच टोचते आहे.

शिक्षक खोलीत अजून तोच विषय. मी शिरलो की हसू आवरतात, पण चेहरे खुललेले. पाचवीतल्या एका मुलीने जिन्यात थांबवून विचारले, "सर, तुम्ही परत कधी जाणार?"

घरी सांगितले. ही हसून हसून बेजार झाली. डोळे पुसत म्हणाली, "मुलं तुम्हाला काय म्हणतात ते ठाऊक आहे ना?"

नाही म्हटले.

"कुलूप."

तुला कुणी सांगितले, विचारले. म्हणे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तुम्हालाच तेवढे ठाऊक नाही.

२७ ऑगस्ट

बाई शाळा सुटल्यावर आल्या. दार लोटून घेतले. बाई कधी दार लोटत नाहीत, तेव्हाच समजलो.

नदीपलीकडे नवी शाळा होते आहे. तिथे मुख्याध्यापिका म्हणून त्यांना बोलावले आहे. डिसेंबरच्या मध्यापर्यंत उत्तर द्यायचे. "तुम्हाला बाहेरून कळायला नको म्हणून सांगते," एवढेच म्हणाल्या. ताठ बसल्या होत्या. मुले त्यांना पट्टी म्हणतात — हे नाव मात्र मला पहिल्यापासून माहीत आहे!

मी म्हटले, बाई, जाऊ नका.

"कशासाठी थांबू, ते सांगा."

तुमची शाळेला गरज आहे, मुलांना तुमची सवय आहे, असे काहीबाही बोललो. त्या ऐकून घेत होत्या. गरज असलेल्या माणसाला चावीसुद्धा दिलेली नाही मी — हे तेव्हा सुचले नाही. आता लिहिताना सुचते आहे.

मला निवृत्तीला बरीच वर्षे आहेत. बाई माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. हिशेब सरळ आहे. मी इथे असेतो त्यांना ही खुर्ची नाही.

बाई गेल्या तर शाळा बंद पडणार नाही. पण सहावीनंतर जी मुले शाळा सोडून जायची, त्यांच्या घरी जाऊन आई-बापांशी भांडून त्यांना परत आणणारी ती एकच बाई आहे. मी कधी गेलो? मी दारे उघडत होतो.

८ सप्टेंबर

परदेशी पाहुण्या बाई आल्या. प्रशिक्षणात प्रत्येकाची एका परदेशी मुख्याध्यापकाशी जोडी लावली आहे. आधी त्यांनी आपल्याकडे यायचे, मग आपण त्यांच्याकडे जायचे. नियम गमतीचा आहे. पाहुण्याने दिवसभर सावलीसारखे मागे राहायचे, तोंडातून शब्द काढायचा नाही. सल्ला तर अजिबात द्यायचा नाही. संध्याकाळी एक प्रश्न विचारायचा. एकच. त्याचे उत्तरसुद्धा लगेच द्यायची सक्ती नाही.

उंच आहेत. पायात पळायचे बूट. मला इंग्रजीची धास्ती होती, गावातल्या शाळेत शिकलेला माणूस मी. पण त्यांचेही इंग्रजी माझ्यासारखेच लंगडे निघाले, त्यांची भाषा तिसरीच आहे. त्यामुळे आमचे छान जमले. दोघेही सावकाश बोलतो आणि सोपे तेवढेच बोलतो. सोप्या शब्दांत लपवाछपवी करता येत नाही, हेही कळले.

शिक्षक सगळे जपून वागत होते. चित्रकलेच्या सरांनी चक्क इस्त्री केलेला शर्ट घातला.

९ सप्टेंबर

कालचा दिवस ओळखीपाळखीत गेला. आज त्यांचा पहिला प्रश्न.

"आज किती लोकांनी तुम्हाला असं काही विचारलं, ज्याचं उत्तर त्यांना आधीच माहीत होतं?"

मी हसलो. मग आठवू लागलो. मग हसू थांबले.

चित्रकलेचे सर — निळा कागद वापरू का? विज्ञानाच्या बाई — ऊन येते, खिडकी लावू का? ग्रंथालय सांभाळणारे — पुस्तके आली आहेत, कपाटात ठेवू का? कपाटात नाही तर कुठे ठेवणार! आणि मामा. मामा प्रत्येक तासाला घड्याळाखाली येऊन उभे राहतात, दोरी हातात धरतात, माझ्या खोलीकडे मान वळवतात. "देऊ का?" मी मान हलवतो. मग घंटा. घड्याळ त्यांच्या डोक्यावर आहे. इतकी वर्षे ते विचारतात आणि इतकी वर्षे मी मान हलवतो. मी कुठे बाहेर असलो तर मला शोधत येतात. घंटा उशिरा होते, पण विचारल्याशिवाय होत नाही.

याला मी आदर समजत होतो.

१० सप्टेंबर

सकाळी ही म्हणाली, "भाजी कोणती करू?"

मी दचकलो. म्हटले, मला खरेच विचारते आहेस, की तुला माहीत आहे?

ही हातातले काम थांबवून म्हणाली, "चिरूनसुद्धा झाली आहे. विचारलं की तुम्हाला बरं वाटतं, म्हणून विचारते."

म्हणजे घरातही!

१२ सप्टेंबर

मामांना आज म्हटले, मामा, उद्यापासून मला विचारू नका. घड्याळ बघा आणि घंटा द्या.

ते म्हणाले, "माझं काही चुकलं का, सर?"

नाही हो मामा, काही चुकले नाही. "मग चूक झाली तर? एखाद दिवस दोन मिनिटं आधी दिली तर?" दिली तर दिली. त्यांना पटले नाही. पुढच्या तासाला पुन्हा दोरी हातात, मान इकडे. मी मुद्दाम कागदात डोके घातले. घंटा काही होईना. शेवटी माझ्याच्याने राहवले नाही, मान हलवली.

पाहुण्या बाई कोपऱ्यातून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. नियमच तसा.

१९ सप्टेंबर

पाहुण्या बाई आज गेल्या. शेवटचा प्रश्न जाताना, रिक्षात एक पाय ठेवून विचारला.

"तुम्ही शिकवायचं कधी थांबवलं?"

म्हटले, मुख्याध्यापक झालो तेव्हा. त्या 'असं का' म्हणाल्या नाहीत, 'अरेरे' म्हणाल्या नाहीत. फक्त मान डोलावली आणि बसल्या. रिक्षा वळेपर्यंत मी तिथेच.

मी गणित शिकवायचो. अपूर्णांक. पाचवीच्या मुलांना अपूर्णांकाची भीती वाटते आणि ती भीती जाताना चेहऱ्यावर दिसते, अगदी डोळ्यांदेखत. ते बघायला मी सुट्टीच्या दिवशीही गेलो असतो.

१४ ऑक्टोबर

उद्या निघायचे. त्यांच्या देशात, त्यांच्या शाळेत. ही बॅग भरते आहे आणि मला विचारत नाही. मुद्दाम!

चाव्या बाईंच्या हातात दिल्या. जुडगा त्यांनी तळहातावर तोलला. म्हणाल्या, "जड आहे की." मी म्हटले, सवयीने काही वाटत नाही. कोणती चावी कशाची ते सांगू लागलो, तर त्या म्हणाल्या, "लावून बघेन, सर."

रस्त्याने चालताना खिसा हलका लागत होता. दोनदा चाचपला.

१८ ऑक्टोबर

थंडी. हात खिशातून काढवत नाहीत.

शाळा सुंदर आहे यात शंका नाही. भिंती काचेच्या, दारांना कुलपे नाहीत. इथे पाहुण्या बाईंना कुणी काही विचारत नाही. मुले त्यांना नावाने हाक मारतात. मला वाटले, आलो स्वर्गात. दोन दिवसांनी डोळे निवळले.

मुलांच्या हात धुवायच्या जागी एक नळ गळतो. उन्हाळ्यापासून गळतो आहे म्हणे. कारण तो दुरुस्त करणे कुणाच्या अखत्यारीत, यावर दोन बैठका झाल्या आणि तिसरी पुढच्या महिन्यात आहे. दुसरीला मीही बसलो. सगळे एकमेकांचे नीट ऐकून घेत होते. खूप नीट. नळ गळत होता.

आज पाहुण्या बाईच म्हणाल्या, तुमच्या त्या चाव्या चार दिवस इकडे पाठवा.

सावली होऊन मागे फिरणे सोपे नाही. दिवसभर जीभ वळवळते. त्या नळाचा वायसर मी स्वतः बदलला असता.

२३ ऑक्टोबर

आज मला एक तास घ्यायला सांगितले. पाचवीच्या वयाची मुले. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना नाही. इंग्रजी दोन्हीकडे जेमतेम.

कागद घेतला. घडी घातली. उलगडला. अर्धा. पुन्हा घडी. पाव. प्रत्येकाच्या हातात कागद दिला. मग एका मुलाला खुणेने विचारले, अर्धा आणि पाव मिळून किती? तो घाबरला. दोन कागद घेऊन बसला, एकदा हा बघतो, एकदा तो. मी थांबलो. वर्ग थांबला. आणि मग तो हळूच उठला, अर्ध्या कागदाची आणखी एक घडी घातली, बोटाने एक, दोन, तीन मोजले आणि माझ्याकडे पाहिले.

ते पाहणे!

तास संपला तरी उभाच होतो. हाताला खडू लागला होता. त्यांच्याकडे एकच फळा आहे, तो माझ्यासाठी शोधून आणलेला. खोलीवर येऊन हात धुवायचे राहिले. तसाच डोळे मिटून बसलो. कितीतरी दिवसांनी प्रार्थना करावी लागली नाही, ती आपोआप होत होती.

२८ ऑक्टोबर

उद्या परत. मला माझा शेवटचा प्रश्न विचारायचा होता. कितीतरी जमवले होते, सगळे टाकून दिले आणि विचारले, "तुमच्यानंतर ही खुर्ची कुणाला हवी आहे?"

पाहुण्या बाई म्हणाल्या, "कुणालाच नाही." जागेची जाहिरात दोनदा दिली, एकही अर्ज नाही. त्यांना स्वतःला पुन्हा संगीत शिकवायचे आहे. सोडता येत नाही, कारण घ्यायला कुणी नाही. हे सांगताना पहिल्यांदाच थकलेल्या दिसल्या.

त्यांना घ्यायला कुणी मिळत नाही म्हणून सोडता येत नाही. माझ्याकडे घेणारे माणूस माझ्याच शेजारच्या खोलीत बसले आहे, आणि मी त्याला नुसते म्हणतो आहे — जाऊ नका!

३ नोव्हेंबर

शाळा. चाव्या जुडग्यात नाहीत. शिक्षक खोलीच्या भिंतीवर खिळ्यांची रांग, प्रत्येक चावीला रंगीत दोरा. ज्याचा वर्ग त्याने उघडायचा, त्यानेच लावायचा. भूगोलाचे सर एकदा उशिरा आले, त्यांचा सगळा वर्ग दाराबाहेर रांगेत उभा राहून त्यांची वाट बघत होता. तेव्हापासून सर वेळेच्या आधी येतात म्हणे.

बाईंनी बसायच्या आधीच सांगितले, "एक सूक्ष्मदर्शक फुटला. मुलाच्या हातून. जबाबदारी माझी."

मनात पहिला विचार आला — माझ्या वेळी फुटला नसता. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. माझ्या वेळी तो कपाटाबाहेरच आला नव्हता.

सगळे चांगलेच आहे असे नाही. दोघे शिक्षक गुपचूप येऊन बाईंची तक्रार करून गेले. फार कडक म्हणे, ऐकून घेत नाहीत. ते खरे असेलही. मी ऐकत होतो आणि मला बरे वाटत होते. आपल्याकडे तक्रार घेऊन कुणी यावे यात काय सुख असते, हे आज अगदी स्वच्छ दिसले. लाज वाटली.

सकाळी उघडायला एकही कुलूप नव्हते. व्हरांड्यातून नुसताच फिरलो. नाव घ्यायला काही सापडेना.

१२ नोव्हेंबर

आज गावच्या शाळेची आठवण येत होती. एक खोली. दार नव्हतेच, चौकट होती. गुरुजी यायच्या आधी आम्ही येऊन बसायचो. गुरुजींना उशीर झाला तर मोठी मुले लहानांना पाढे म्हणायला लावायची. शाळा उघडायची असते, हे मला गावात माहीतच नव्हते. दार नसलेल्या शाळेत शिकलो आणि एवढी कुलपे जमवली.

हिला सांगितले. मुख्याध्यापकपद सोडतो, याच शाळेत पाचवीला गणित शिकवतो.

ही म्हणाली, "लोक मला विचारतील, काय गुन्हा केला यांनी?" मी म्हटले, विचारतील. "मी काय सांगू?" म्हटले, तुला काय वाटते? त्यावर भडकली. "हे परदेशातलं प्रश्न विचारणं शाळेत करा. माझ्याशी सरळ बोला."

सरळ बोललो. खडू लागलेल्या हाताचे सांगितले. कुलपांच्या नावांचेही सांगितले, पहिल्यांदाच. हिने ऐकले. शेवटी म्हणाली, "सोडायचं तर सोडा. पण मग सगळीकडचं सोडा. घरी येऊन माझ्यावर मुख्याध्यापकी चालायची नाही."

१७ नोव्हेंबर

बाईंना सांगितले. म्हटले, तुम्ही विचारले होते, कशासाठी थांबू. या खुर्चीसाठी थांबा.

मला वाटले होते, आनंद होईल. तसे काही झाले नाही.

"दान देताय का, सर?"

म्हटले, नाही.

"मग जाहिरात निघू दे. मी अर्ज करीन, मुलाखत देईन. दुसरं कुणी चांगलं निघालं तर ते येतील." थोडे थांबून म्हणाल्या, "आणि तुम्ही?"

मी इथेच, पाचवीला गणित.

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे मी खुर्चीत, आणि सगळे विचारायला तुमच्याकडे. निळा कागद वापरू का? खिडकी लावू का? आणि तुम्ही मान हलवणार."

मी म्हटले, नाही हलवणार. बाईंना विचारा, असे सांगेन.

"तेसुद्धा सांगायचं नाही. ते विचारणंच बंद व्हायला हवं. आणि मी निवडून आलेच, तर तुम्हाला मागच्या इमारतीत वर्ग देईन. इथून दिसणार नाही असा. चालेल?"

मी लगेच हो म्हणू शकलो नाही. बाईंनी ते पाहिले.

२४ नोव्हेंबर

आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला, ऐकले आणि हसले.

"हेडसर, परदेशातून आल्यावर माणसाला असं होतं. आठवड्यात उतरेल."

म्हटले, येऊन तीन आठवडे झाले.

मग गंभीर झाले. म्हणाले, शाळेचे नाव आत्ता कुठे होते आहे, परदेशी लोक येतात, तुमचा फोटो छापून येतो. प्रशिक्षणवाल्यांनीही तुम्हाला मागितले आहे, इतर मुख्याध्यापकांना शिकवायला. तिकडे जा. मान राहील, जागाही मोकळी होईल. खाली कशाला उतरता?

आणि तरीही हट्टच असेल तर लेखी द्या, म्हणाले. लेखी दिल्याशिवाय मी काही ऐकलेलेच नाही.

२५ नोव्हेंबर

प्रशिक्षक व्हायचे. दिवसभर हाच विचार. हॉल, गोल टेबले, पाण्याची बाटली. लोक माझे ऐकतील, टिपून घेतील. चाव्यांची गोष्ट सांगितली की हमखास हसतील. मलाही आवडेल. तीच अडचण आहे.

सोडून लांब जाणे जमेल. सोडून तिथेच राहणे — त्याच व्हरांड्यातून मान खाली घालून मागच्या इमारतीत जाणे — ते जमेल का?

देवाला विचारले. उत्तर नाही. मग वाटले, हाही तसलाच प्रश्न असावा. उत्तर माहीत असलेला.

४ डिसेंबर

अर्ज लिहिला. चार ओळी. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. चाव्या गेल्या, पण खिसा काही रिकामा राहत नाही.

९ डिसेंबर

अजून खिशातच. घडीवर घामाचा डाग पडला आहे. पुन्हा लिहावा लागेल, असे मनात आले आणि बरे वाटले. आणखी एक दिवस मिळाला!

आज मामा दोरी धरून उभे. "देऊ का?" मी मान हलवली. किती गोड वाटते ते मान हलवणे. कुणाला सांगून खरे वाटणार नाही.

१५ डिसेंबर

बाई येऊन गेल्या. दार लोटले नाही. म्हणाल्या, नदीपलीकडच्या शाळेला उद्या दुपारपर्यंत कळवायचे आहे. "तुम्हाला घाई करत नाही, सर. फक्त तारीख सांगते." जाता जाता उंबऱ्यात थांबल्या. "त्या दिवशी मैदानावर मला एकदाच वाटलं, की मी हे करू शकते. तुम्ही चाव्या विसरलात म्हणून."

अर्ज खिशात होता. हात त्याच्यावर होता.

५ फेब्रुवारी

त्याच संध्याकाळी अर्ज दिला; बाईंनी नदीपलीकडे नाही कळवले, जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या आणि त्याच निवडून आल्या. आज पाचवीचा वर्ग. मागची इमारत, जिन्याजवळची खोली. खिळ्यावरून माझी चावी घेतली — एकच, पिवळ्या दोऱ्याची. वर्ग उघडायला दोन मिनिटे उशीर झाला, पाय सवयीने जुन्या खोलीकडे वळले होते. मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यात उभ्या. घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

मामांनी दोरी धरली होती. मला पाहून तोंड उघडले. मिटले. घंटा दिली.

हजेरी घेतली. सावकाश, एकेक नाव. सकाळचे नामस्मरण राहिले होते.